गुरामीच्या पिल्लांचा खोका

मी एक जुना थर्माकोलचा खोका आहे आणि वरचा एक कोपरा सोडला तर अजून शाबूत आहे. मित्रांनो, तुम्ही नाक मुरडण्याआधीच सांगून टाकतो, आमच्याबद्दल लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. आम्ही कुजत नाही, जाळलं तर घाण धूर करतो, पावसाळ्यात नाले तुंबवतो. सगळं खरं आहे आणि मी त्यावर वाद घालणार नाही. पण एकदा तयार होऊन बसलेल्या खोक्यानं करावं तरी काय? टिकून राहावं आणि वाट्याला येईल ते काम नीट करावं. मी तेवढंच केलं, आणि त्यातलं एक काम असं होतं की ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म तळोज्याच्या बाजूच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. साबुदाण्याएवढे पांढरे दाणे आधी वाफेवर फुगवले, मग साच्यात दाबले, आणि साचा उघडला तेव्हा मी बाहेर पडलो. माझ्याबरोबर माझ्या मापाचं झाकणही निघालं. त्या वेळी मी इतका पांढराशुभ्र आणि इतका हलका होतो की शेडच्या दारातून वारा आला की आमची अख्खी रांग जागची सरकायची. हलका असलो तरी माझ्या अंगात एक गुण होता. आतली थंडी मी बाहेर जाऊ देत नसे आणि बाहेरची ऊब आत येऊ देत नसे.

या गुणामुळेच मी उरणकडच्या सोनाबाईच्या हाती पडलो. सोनाबाई करंज्याची कोळीण, आवाज खणखणीत आणि हात त्याहून खणखणीत. पहाटे धक्क्यावर ती माझ्या पोटात बर्फाचा चुरा भरायची, त्यावर पापलेट, त्यावर रावस, पुन्हा बर्फ, मग झाकण. टेम्पोत आम्ही खोके एकावर एक रचलेले असायचो. न्हावा शेव्याच्या बंदरातून निघालेले कंटेनरचे ट्रेलर रस्ता अडवून उभे असायचे आणि त्यांच्या मागे आमचा टेम्पो तापत राहायचा. तरी पनवेलच्या बाजारात झाकण उघडलं की बर्फ जसाच्या तसा. शेजारची कोळीण सोनाबाईला म्हणायची, "तुजा खोका लय नशिबाचा हाय गो." ते ऐकून मी किती फुगायचो, ते काय सांगू! आधीच वाफेवर फुगलेला होतो, त्यात ही भर.

नशिबाचं कौतुक फार दिवस टिकलं नाही. एकदा टेम्पोवाल्यानं ट्रेलरच्या मागे करकचून ब्रेक दाबला आणि माझा वरचा कोपरा फुटला. पाणी धरायला मी अजून ठीक होतो, पण झाकण घट्ट बसेना, बर्फ टिकेना. सोनाबाईनं झाकण बसायला घेतलं आणि मला फाटकी फडकी ठेवायला ठेवलं. मग फडक्यांनाही दुसरी जागा मिळाली. मी बाजाराच्या भिंतीला पालथा पडून राहिलो आणि माझ्या पाठीवर एक मांजर झोपू लागलं. कालपर्यंत पापलेट वाहणाऱ्याला हे फार लागतं, मित्रांनो.

अशा दिवसांत एका शुक्रवारी सकाळी निसीम आपटेकर बाजारात आले. ते सोनाबाईचं ठरलेलं गिऱ्हाईक. बंदराच्या एका कचेरीत नोकरी, थोडं पोट सुटलेलं, चष्मा नाकाच्या टोकावर. आपटेकर मंडळी बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यानपिढ्या कोकणात राहिलेली, घरात मराठी बोलणारी ज्यू माणसं. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ. तो शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो, म्हणून शुक्रवारी सकाळी त्यांच्या घरी चांगली मासळी लागते. तीही खवल्याचीच, बिनखवल्याची त्यांच्या धर्मात चालत नाही. सोनाबाईला हे पाठ असल्यामुळे ती त्यांच्यापुढे कोळंबी कधी सरकवत नसे.

रावस पिशवीत टाकून घेतल्यावर निसीमरावांची नजर माझ्यावर गेली.

"सोनाबाई, हा खोका टाकून द्यायचाय का?"

"त्याचा कोपरा गेलाय, बर्फ राहत नाय. तुमाला कशाला?"

"घरी माशांची पिल्लं होणार आहेत. त्यांना ठेवायला."

सोनाबाई हसली. "आमी त्यात मेलेली मासली ठेवली, न तुमी जित्ती ठेवणार? बरा हाय. न्या."

तिनं मांजराला हाकललं, मला उचललं आणि माझ्या पाठीवर एक थाप मारून त्यांच्या हातात दिलं. इतक्या वर्षांचा संसार एका थापेत संपला.

निसीमरावांनी मला मिठानं घासलं, उन्हात ठेवलं, पुन्हा घासलं. त्यांची बायको अबीगेल दारात उभी राहून पाहत होती. "अहो, याचा वास गेला नाही ना, तर हा खोका गॅलरीत राहील आणि तुम्हीही त्याच्या शेजारी," ती म्हणाली. वास गेला. निदान तिनं पुन्हा विषय काढला नाही.

आता ही पिल्लं कुणाची, ते सांगायला हवं. निसीमरावांचा धाकटा भाऊ बेन कॉलेजात असल्यापासून मोती गुरामी नावाचे मासे पाळायचा. तळहातात मावणारा मासा, अंगभर पांढरे ठिपके, आणि वयात आलेल्या नराची छाती नारिंगी. बेन बाजारातून नवे मासे आणत नसे. घरच्याच जोडीची पिल्लं वाढवायची, त्यांची पुन्हा पिल्लं, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग बेन बायकोमुलांसह इस्रायलला कायमचा निघाला. आईवडील आधीच वारलेले, नातलग एकेक करून तिकडे पोचलेले. पनवेलमध्ये आपटेकरांपैकी निसीमराव आणि अबीगेल एवढेच उरणार होते. निघताना बेननं शेवटची जोडी आपल्या टाकीसकट मोठ्या भावाकडे आणून ठेवली आणि म्हणाला, "दादा, एवढं चालू ठेव." निसीमरावांनी हो म्हटलं. आयुष्यात त्यांनी तोवर माशांशी फक्त ताटात व्यवहार केला होता, पण भावाला दिलेला शब्द म्हणजे शब्द.

गुरामीचा नर पाण्यावर तोंडानं फेसाचं घरटं बांधतो आणि त्यात अंडी सांभाळतो. पिल्लं पोहू लागली की मात्र त्यांना आईबापांपासून वेगळं करावं लागतं, नाहीतर आईबापच त्यांचा फडशा पाडतात. बेननं फोनवर हे सगळं समजावलं होतं आणि शेवटी बजावलं होतं, "उबेत ठेव हं, दादा. गारवा त्यांना सोसत नाही."

उबेसाठी मी होतोच. पण निसीमरावांना माझ्यावर भागवायचं नव्हतं. त्यांच्या बाहेरच्या खोलीत, खिडकी आणि पंख्यापासून दूर, छताच्या कडीला एक दिवा टांगलेला होता. तीन पितळी साखळ्यांत बसवलेला काचेचा पेला, त्यात खाली पाणी, वर खोबरेल तेल आणि तेलावर तरंगणारी वात. अबीगेलच्या आईचा दिवा. शुक्रवारी संध्याकाळी अबीगेल स्टुलावर चढून त्यात तेल ओतायची, वात पेटवायची आणि डोळे झाकून प्रार्थना म्हणायची. मग शनिवारी मावळतीपर्यंत त्या दिव्याला कुणी हात लावत नसे.

"बरोबर दिव्याखाली ठेवू," निसीमराव म्हणाले. "ऊबही मिळेल आणि आशीर्वादही."

ही कल्पना त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती बेनला फोन करून सांगितली. बेनलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला टीपॉयवर बसवलं, पाणी भरलं, आणि पाल किंवा झुरळ पडू नये म्हणून वर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधला. माझं झाकण तर सोनाबाईच्या बुडाखाली होतं.

पहिली पिल्लं आली तेव्हा मी हबकलोच. माझ्या पोटात तोवर थंडगार, गप्प पडलेले मासे असायचे. आता पापणीच्या केसाएवढे जीव इकडून तिकडे पळत होते आणि भिंतीला टेकले की मला गुदगुल्या व्हायच्या. निसीमराव त्यांना उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यातून गाळून द्यायचे. कचेरीतून आले की बूट काढायच्या आधी माझ्यात डोकवायचे. पिल्लं वाढली, त्यांना शेपटीचा आकार आला, ती वरच्या बाजूला येऊन पाण्याला तोंड लावू लागली. आणि मग एका शनिवारी ती तळाला पडू लागली.

शनिवारी घरात काम करायचं नाही, ही निसीमरावांच्या वडिलांपासूनची शिस्त. तेव्हा ते नुसते शेजारी बसून राहिले. रविवारी उजाडताच त्यांनी प्लॅस्टिकच्या मगानं वरवरचं पाणी उपसलं, नवं भरलं, आणि मरणं थांबली. त्यांना वाटलं, पाणीच खराब होतं. पुढचा शनिवार आला आणि पुन्हा तेच झालं. असं होत होत पहिला सगळा घोळका गेला.

दुसऱ्या वेळी त्यांनी कसलीच कसर ठेवली नाही. नळाचं पाणी बादलीत दिवसभर शिळं करून मगच माझ्यात ओतायचे. एस.टी. स्टँडजवळ मासे विकणारा गुरुदत्त म्हणून एक दुकानदार होता. त्याच्याकडे कोणतीही तक्रार घेऊन जा, तो एक निळ्या औषधाची बाटली काढायचा. ते औषध पडलं आणि मी आतून जन्माचा निळा झालो. पिल्लं निळ्या पाण्यात पोहली, वाढली, वर येऊ लागली आणि शनिवारी मरू लागली. रविवारी पाणी उपसलं की पुन्हा थांबायची. निसीमरावांनी बलक बंद केला, मग कमी केला, मग डासांची उदबत्ती घरातून हद्दपार केली. मधल्या वारी काही मरत नसे, त्यामुळे दरवेळी आपण शेवटी जे केलं तेच लागू पडलं असं त्यांना वाटायचं. पण शनिवार काही त्यांचं ऐकत नव्हता. दुसरा घोळकाही गेला.

बेन फोनवर म्हणाला, "ते वयच वाईट असतं, दादा. माझीही थोडी जायची."

"थोडी जायची ना? माझी सगळी जातात," निसीमराव म्हणाले.

दिवाळी होऊन गेली होती. हवेत गारवा आला होता. मोठ्या टाकीत नरानं पुन्हा एकदा फेसाचं घरटं बांधलं, मादीनं अंडी दिली, आणि पुढच्याच आठवड्यात ती मादी एका सकाळी टाकीच्या कोपऱ्यात मरून पडलेली सापडली. ती म्हातारीच झाली होती. नरही म्हातारा. दुसरी मादी नव्हती. बेननं इतकी वर्षं सांभाळलेल्या वंशातली आता ही एवढीच पिल्लं उरली होती, आणि ती माझ्या पोटात होती. ही गेली की बेनचे मासे संपले.

निसीमरावांनी भावाला मादी गेल्याचं सांगितलं.  बेन म्हणाला, "असू दे, दादा. मासेच ते." हे तो समजूत घालण्यासाठी म्हणाला हे लहान मुलालाही कळलं असतं. निसीमरावांनी फोन ठेवला आणि माझ्याशेजारी येऊन बसले. अबीगेल चहा घेऊन आली.

"मला हे जमलं नाही तर तो मला काही बोलणार नाही," ते म्हणाले. "तेच जास्त लागेल."

अबीगेल माशांना पाण्यात पाहायची असं मी इतके दिवस समजत होतो. घरात पसारा, अंड्याचा वास, टीपॉय अडलेला, तिची कुरकुर चालूच असायची. पण त्या दिवशी ती स्टूल ओढून घेऊन आली. चहा निवेपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिली.

तिसरी पिल्लं वाढत होती आणि वर येण्याच्या वयाला पोचली होती, तोच ठाण्याला अबीगेलच्या बहिणीच्या नातवाचा काही विधी निघाला. शुक्रवारीच जावं लागणार होतं आणि शब्बाथ तिकडेच पाळून रविवारी परतायचं होतं. निसीमरावांचा पाय निघेना. "जाणं भागच आहे," अबीगेल म्हणाली आणि त्यांच्या हातात पिशवी दिली. घराला कुलूप लागलं. पिल्लांना तीन दिवस खायला नाही, पाणी बदलायला कुणी नाही. मीही मनाची तयारी केली होती.

रविवारी कुलूप उघडल्यावर निसीमराव दारातच थबकले. मग अबीगेलनंच पुढे होऊन माझ्यात पाहिलं.

"अहो, या ना. पळतायत सगळी."

एकही मेलं नव्हतं. निसीमराव इतके खूश झाले की चपला घालूनच घरभर फिरले. "कळलं मला. मीच जास्त खायला घालत होतो. उपाशी ठेवलं तर जगली," ते म्हणाले. तर्क तसा चुकीचा नव्हता, जास्त खाऊ घालून पिल्लं मारणारे पुष्कळ असतात. पुढचा आठवडाभर त्यांनी चिमटीतल्या चिमटीत खायला दिलं आणि शुक्रवारी तर काहीच दिलं नाही. संध्याकाळी अबीगेलनं नेहमीप्रमाणे दिवा लावला.

शनिवारी पिल्लं मरू लागली.

निसीमरावांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. ते चिडले नाहीत. खुर्चीत बसून एकेक पिल्लू वर जाताना, पाण्याला तोंड लावताना, गिरकी घेऊन खाली येताना पाहत राहिले. दुपारी ते म्हणाले, "उद्या काय उरेल ते गुरुदत्तला देऊन टाकू. त्याच्याकडे तरी जगतील. मी हात टेकले."

रविवारी सकाळी त्यांनी वरवरचं पाणी उपसलं आणि अंगात कसर वाटते म्हणून आत जाऊन पडले. निम्म्याहून थोडी जास्त पिल्लं अजून जिवंत होती. मच्छरदाणीचा तुकडा एरवी तेच नळाखाली धरून पिळायचे. त्या दिवशी तो तसाच पडलेला पाहून अबीगेलनं कपड्यांबरोबर धुवायला घेतला. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता, तो थांबला. ती ओला तुकडा हातात घेऊन बाहेर आली. तिनं तो बोटांत चोळला, नाकाशी नेला, पुन्हा चोळला.

"अहो," तिनं हाक मारली. "जरा बाहेर या."

"काय झालं?"

"ही जाळी तेलकट कशी?"

"स्वयंपाकघरातलं लागलं असेल."

"ही कधी स्वयंपाकघरात गेली? आणि हे फोडणीचं तेल नाही. वास घ्या."

निसीमरावांनी वास घेतला. खोबरेल तेल. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनी एकदमच वर पाहिलं.

पेल्याच्या बुडाला एक थेंब लोंबकळत होता. स्टुलावर चढून, हात उंच करून तेल ओतताना दरवेळी थोडं काचेच्या बाहेरून ओघळायचं. ते पेल्याच्या बुडाशी जमायचं आणि शुक्रवारी रात्रीपासून शनिवारभर सावकाश टपकत राहायचं. जाळीतून ते माझ्या पाण्यावर. एक-दोन थेंब, जास्त नाहीत. पण तेलाला पसरायला तेवढे पुरतात.

आता यात काय झालं ते नीट समजून घ्या, मित्रांनो, कारण मलाही ते नंतर निसीमराव आणि बेनच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. गुरामी इतर माशांसारखी कल्ल्यांनी श्वास घेते, पण कल्ल्यांच्या वर, डोक्यात, तिला हवा साठवायची आणखी एक जागा असते. अगदी लहानपणी ती तयार नसते. पिल्लू थोडं वाढलं की ती तयार होते आणि मग त्याला पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा घोट घ्यावाच लागतो. त्या वयात पाण्यावर तेलाचा पापुद्रा असला तर पिल्लू वर येतं, तोंड लावतं, आणि हवेऐवजी तेलाला धडकतं. म्हणूनच लहान असताना ती मरत नव्हती. रविवारी वरवरचं पाणी उपसलं की पापुद्रा निघून जायचा आणि मरणं थांबायची. आणि ठाण्याला गेले त्या शुक्रवारी दिवा लागलाच नव्हता.

निसीमरावांनी कालचं वर्तमानपत्र आणलं, एक पान माझ्या पाण्यावर अलगद अंथरलं आणि उचललं. उजेडात धरल्यावर कागदावर तेलाचे पारदर्शक डाग दिसले. उपसूनही एवढं शिल्लक होतं. त्यांनी दुसरं पान टाकलं, तिसरं टाकलं. चौथ्या पानावर डाग आला नाही.

आणि एक पिल्लू वर आलं. त्यानं तोंड बाहेर काढलं, हवेचा घोट घेतला आणि सरळ खाली गेलं, गिरकी न घेता. मग दुसरं आलं. मग ती येतच राहिली. माणसांचा जीव भांड्यात पडतो म्हणतात. त्या सकाळी निसीमरावांचा माझ्यात पडला, आणि इतक्या मोलाची वस्तू मी त्याआधी कधी सांभाळली नव्हती.

अबीगेल मात्र स्टुलावर बसून राहिली होती. तिचे डोळे भरून आले होते.

"माझ्याच हातानं," ती म्हणाली. "प्रार्थना म्हणत होते मी, आणि खाली..."

"अबी, खोका मी ठेवला तिथे," निसीमराव म्हणाले. "आशीर्वाद पाहिजे म्हणून."

"मी दिवा दुसरीकडे टांगते."

"दिवा कशाला हलवतेस? तो तुझ्या आईचा आहे, जागचा हलणार नाही. हा हलेल. याला काय, सवय आहे."

हे बोलताना त्यांनी माझ्या फुटक्या कोपऱ्यावर हात ठेवला होता. मला राग आला नाही. खरंच सवय होती.

मला भिंतीच्या कपाटाशेजारी हलवलं. जाळीऐवजी माझ्यावर जुन्या खिडकीची काच आली, म्हणजे वरून काही पडणार नाही आणि पाण्यावरची हवाही उबदार राहील. गार हवेचा घोट त्या नाजूक जागेला बाधतो, हे बेननं सांगितलं होतं. पिल्लांत मोठी कोणती, लहान कोणती ते पाहून मोठी वेगळी काढली, कारण मोठी लहानांचं खाणं पळवतात. निळ्या औषधाची बाटली कपाटाच्या मागे गेली ती कायमची.

पुढच्या शुक्रवारी अबीगेलनं तेल ओतलं तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात फडकं होतं. ओतून झाल्यावर तिनं पेला बुडापासून पुसला, मग वात पेटवली. शनिवारी ती दोघं सकाळपासून माझ्यासमोर खुर्च्या टाकून बसली.  पिल्लं वर येत होती, घोट घेत होती, खाली जात होती. जेवणं झाली. दुपार गेली. उन्हं कलली. निसीमराव खुर्चीतच झोपले आणि घोरू लागले. कितीतरी शनिवारांनंतर हा माणूस माझ्याशेजारी निर्धास्त झोपला होता. अबीगेलनं त्यांचा चष्मा काढून बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहून हसली, जणू मी घरातलाच कुणीतरी होतो.

रविवारी बेनचा फोन आला. निसीमरावांनी सगळं सांगितलं, तेल, जाळी, वर्तमानपत्र. बेन खूप वेळ हसला.

"किती आहेत रे, दादा?" त्यानं विचारलं.

निसीमराव माझ्यावर वाकले. बोटानं मोजू लागले, चुकले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकले. शेवटी त्यांनी फोन कानाला लावला.

"मोजता येत नाहीत, बेन. एकही जागेवर थांबत नाही."

ती पिल्लं मोठी झाली, त्यांच्या अंगावर ठिपके उमटले, आणि पुढे त्यांचीही पिल्लं माझ्याच पोटात वाढली. आता मी आतून निळा, बाहेरून पिवळट, आणि माझ्या जागी दुसरं भांडं आलं तर मी तक्रार करणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी अशी पिल्लं वाढत असतील आणि ती मरू लागली तर औषधाच्या बाटलीकडे धावण्याआधी थोडं थांबा. ती कधी मरतात ते पाहा. त्या दिवशी घरात काय होतं आणि एरवी काय होत नाही ते आठवा. पाणी बघता तसं पाण्याच्या वरही बघा. आणि ज्यांच्या हातून चूक झाली त्यांच्यावर रागावू नका, कारण पिल्लं जगावीत असं त्यांनाही तुमच्याइतकंच वाटत असतं. मेलेली पिल्लं बिनचूक मोजता येतात, तळाशी पडलेली असतात ती. तुमच्या घरी मात्र मोजायला बसलात की दरवेळी गणती चुकत राहो.